काचपेटीतली नववी चिठ्ठी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा तो बाळांच्या वॉर्डाबाहेर एका ऑक्सिजनच्या मशीनखाली होता. मी फायलींचा ढीग हनुवटीला टेकवून तरातरा चालले होते. त्या पायांना अडखळले आणि फायलींसकट धपकन खाली बसले.

“लागलं का?” मशीनखालून आवाज आला.

“तुम्हाला काय वाटतं?”

“आवाजावरून तरी काही मोडलेलं वाटत नाही.”

मग तो सरपटत बाहेर आला. गालावर ग्रीस, कानामागे पेन्सिल, आणि डोळे असे हसरे की चिडायचं काम मी जरा पुढे ढकललं.

हॉस्पिटलात सगळे त्याला फ्यूज म्हणत, कारण खिशात कायम दोन-चार फ्यूज असायचे. यंत्रं दुरुस्त करणारा आमच्याकडे तो एकटाच. आणि मी कोऑर्डिनेटर. परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलशी आमच्या छोट्या हॉस्पिटलचा पाच वर्षांचा करार होता, तो सांभाळणारी. ते यंत्रं पाठवायचे, आमच्या नर्सना शिकवायचे, बाळांच्या वॉर्डातल्या सात नर्स तर त्या कराराच्याच जिवावर होत्या. दर तीन महिन्यांनी सगळ्याचा रिपोर्ट मी त्यांना पाठवायचा.

पण माझा कॉम्प्युटर दुपारी तीन वाजले की दगा द्यायचा. तापायचा आणि फटकन बंद. मग मी फ्यूजला बोलावणं धाडायचे.

“आज काय म्हणतोय?”

“तापलाय.”

“कॉम्प्युटर की तुम्ही?”

“दोघंही. हसू नका!”

“हसत नाहीये... ताप बघतोय.”

मागचं झाकण उघडून तो फुंकर मारायचा, पुठ्ठ्याने वारा घालायचा. त्याच्या बोटांना सोल्डरिंगचा वास असायचा, आणि तो गेल्यावरही खोलीत थोडा वेळ राहायचा. मी काही सोळा वर्षांची नव्हते. तरीही पावणेतीनला माझा हात आपोआप केसांकडे जायला लागला. कॉम्प्युटर बंद पडायच्या आधीच!

आणि एके दिवशी तो बंद पडायचा थांबला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी एकदम सतरा फायली उघडून पाहिल्या, तरी मेला ढिम्म चालू! फ्यूज फिरकेनासा झाला. व्हरांड्यात दिसला की मान हलवायचा आणि पुढे जायचा. माझे रिपोर्ट वेळेवर जायला लागले आणि मला काही चैन पडेना. मी स्वतःला बजावलं, ठीक आहे, आपल्यालाही काही पडलेलं नाही. पण पडलेलं होतं... खूप.

करार संपायला महिना राहिला, तेव्हा पाहुण्या आल्या. तिकडच्या एक मोठ्या सिस्टर, केस पांढरेशुभ्र, तीस वर्षं बाळांच्या वॉर्डात काढलेल्या. करार पुढे चालवायचा की नाही हे त्या ठरवणार होत्या. त्यांची भाषा इथे माझ्याशिवाय कुणाला धड येत नव्हती, म्हणून मी सावलीसारखी त्यांच्याबरोबर होते.

वॉर्डाच्या कोपऱ्यात त्यांनीच पाठवलेली नवी काचपेटी होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायची, आमच्या चारही जुन्या पेट्यांपेक्षा दुप्पट मोठी, पांढऱ्या चादरीखाली झाकलेली. माझ्या सहाही रिपोर्टांत तिच्यापुढे एकच शब्द होता, ‘चालू’. वॉर्डाकडून यादी यायची, मी उतरवून घ्यायची.

“हिच्यात बाळ का नाही?” पाहुण्यांनी विचारलं.

मी वॉर्डाच्या मुख्य सिस्टरकडे पाहिलं. ती माझी सख्खी मावशी. ती छताकडे पाहत होती.

पाहुण्या चादर सारून वाकल्या. सराईतपणे खालचा खटका दाबला आणि पुढचं दार हातात काढून घेतलं.

आत काहीच नव्हतं.

हीटर नाही, वायरी नाही, काही म्हणजे काही नाही. नुसती पोकळी, आणि तिच्यात दोऱ्यांना लटकलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या.  हातातल्या फाईलमध्ये ‘चालू’ होतं आणि समोर हे!

“सांगा, भाग दुरुस्तीला गेलेत,” आमचे मोठे डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले. “लवकर सांगा!”

मी पाहुण्यांकडे वळले. तेवढ्यात दाराशी उभा असलेला फ्यूज पुढे आला. चेहरा पांढराफटक.

“खरं सांगा मॅडम. मी काढलेत. नोकरी गेली तर माझी जाईल.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! खोटं बोलावं तर ते उद्या उघडं पडणार आणि सात नर्स घरी बसणार. खरं बोलावं तर हा जाणार. मला इतका राग आला... त्याचा, मावशीचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. सहा वेळा ‘चालू’ लिहिताना मी एकदाही चादर उचलून पाहिली नव्हती. मी आत हात घातला आणि पहिली चिठ्ठी ओढली. मोठ्याने वाचायची, मग पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगायची, असं सुरू केलं.

“‘हीटर. गेला: जुनी पेटी क्रमांक दोन. कारण: बाळ गार पडत होतं. परत कधी: नवा मिळाल्यावर.’”

“‘तापमानाची वायर. गेली: जुनी पेटी क्रमांक चार. कारण: जुळी आली.’”

एकेक चिठ्ठी वाचत, मधेमधे फ्यूज सांगत, हकिगत कळत गेली. इथल्या खालीवर होणाऱ्या विजेने नव्या पेटीचा मुख्य बोर्ड बाराव्या दिवशीच जळाला होता. तसला बोर्ड इकडे मिळत नाही. फ्यूजने तीन अर्ज दिले, ते मोठ्या डॉक्टरांच्या टेबलात पडून राहिले. मोठे डॉक्टर आता स्वतःचे बूट पाहत होते. मग फ्यूजने मावशीच्या संमतीने एका बंद पेटीतून चार पेट्या जगवल्या होत्या, आणि पेटी परत नेतील या भीतीने मावशी यादीत ‘चालू’ लिहीत राहिली होती.

“रिपोर्टातली चूक माझी आहे,” मी पाहुण्यांना सांगितलं. “मी न बघता लिहिलं.”

 त्यांनी शेवटच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. नववी.

“मॅडम, ती राहू दे...” फ्यूज एकदम पुढे सरकला.

पण मी वाचायला लागले होते.

“‘छोटा पंखा. गेला: कोऑर्डिनेटर मॅडमचा कॉम्प्युटर. कारण: रिपोर्ट उशिरा जातात, मॅडम बोलणी खातात. आता मला त्यांच्या खोलीत जायला निमित्त उरणार नाही. तरी... लावला.’”

मी काय वाचलं हे वाचून झाल्यावर कळलं. भर वॉर्डात, सात नर्सांसमोर, मोठ्याने! कान असे तापले की तीन वाजता माझा कॉम्प्युटरही कधी तापला नसेल. फ्यूज भिंतीला चिकटला होता.

“काखेत कळसा नि गावाला वळसा!” मावशी म्हणाली. “अगं, पेटीतल्या बाळांनासुद्धा कळलं होतं.”

“कारण काय लिहिलंय?” पाहुण्यांनी विचारलं.

“तांत्रिक... तांत्रिक कारण आहे.”

त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“तीस वर्षांत असलं तांत्रिक कारण मी एकदाच पाहिलंय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्याच्याशी मी लग्न केलं.”

मग त्या चारही जुन्या पेट्यांपाशी गेल्या. प्रत्येकीत हात घालून ऊब पाहिली, हीटरवर कान ठेवला. दुसऱ्या पेटीतल्या बाळाने त्यांचं बोट धरलं, ते सोडवून घ्यायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निर्णय सांगितला. करार पुढे चालू. पण यापुढे मोठी यंत्रं नाहीत, फक्त सुटे भाग, तेही फ्यूजच्या यादीप्रमाणे. न बघता लिहिलेला रिपोर्ट पुन्हा आला तर माझी गय नाही. आणि बोर्ड दुरुस्त करायला शिकण्यासाठी फ्यूजने चार महिने त्यांच्या हॉस्पिटलात यायचं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण जरा उशिराच. आत्ता कुठे हाती लागला होता, आणि लगेच चार महिने!

तो निघायच्या दिवशी मीच त्याच्या दुरुस्तीच्या खोलीत गेले. दुपारचे तीन वाजले होते. तो हत्यारं पुसून लावत होता.

“ती चिठ्ठी वाचायला नको होती तुम्ही,” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

“लिहायला हवी होती का मग?”

“भाग कुठे गेला ते लिहावंच लागतं. आणि कारण... खरंच लिहायचं असतं.”

“तोंडाने सांगता येत नव्हतं?”

“निमित्त नव्हतं ना.”

मी टेबलावरची कोरी चिठ्ठी उचलली, चार ओळी लिहिल्या आणि त्याच्या शर्टाच्या बटणाला बांधली. गाठ काही केल्या बसेना. तो श्वास रोखून उभा राहिला. मग त्याने मान वाकडी करून ती उलटी वाचली.

“‘फ्यूज. गेला: शिकायला. कारण: बाळांना ऊब हवी. परत कधी...’ इथे काहीच लिहिलं नाही तुम्ही.”

“ते तुम्ही लिहा. मी आता न बघता काही लिहीत नाही.”

त्याने टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उगाच पुसायला घेतला.

“मला तुम्ही आवडता,” मी एका दमात म्हणून टाकलं. “केव्हाचे. निमित्त नसतानाही.”

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. तो त्याने उचललाही नाही. कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठी बटणावरच धरून काहीतरी खरडलं, मग ती सोडवून माझ्या तळहातात ठेवली.

‘परत कधी: एकशे बाविसाव्या दिवशी, दुपारी पावणेतीनला.’

“पावणेतीन?” मी चमकले. “कॉम्प्युटर तर तीनला बंद पडायचा.”

“हो,” तो म्हणाला. “पण केस तुम्ही पावणेतीनला नीट करायचात. माझ्या खिडकीतून दिसायचं.”