भूपालरावांची जेवणवेळ

अवयव बसवून घ्यायला गेलं की आता कोणी रक्तगट विचारत बसत नाही. विचारतात, देणारा जेवायचा किती वाजता? नव्या औषधांनी परक्या अवयवावरचा शरीराचा राग तर घालवला. पण अवयव इतका ताजातवाना राहू लागला, की आपली जुनी वेळही विसरेना. पेशीपेशीत एक घड्याळ असतं. डॉक्टर त्याला 'अवयववेळ' म्हणतात.

जयसिंगपूरच्या शैलजा मगदूम यांना यकृत मिळालं ते अपघातात गेलेल्या नवऱ्याचं. भूपालराव पक्के जैन. दिवस मावळायच्या आत, साडेपाचला जेवण, पुढे पाण्याचा थेंब नाही. शैलजाबाई जैन नसलेल्या घरातून लग्न करून त्या घरात आलेल्या. त्यांचं शिवणाचं दुकान नऊला बंद व्हायचं नि साडेनऊला ताट. प्रेमविवाह होता, पण तीस वर्षांत ताटं काही शेजारी आली नाहीत. भूपालराव समोर बसायचे, बायकोला वाढायचे, गप्पा मारायचे. मध्येच वाक्य अर्धं टाकायचे. "लक्ष कुठंय तुमचं?" म्हणून बाई खेकसायच्या.

आता साडेनऊचा घास पोटात गेला की बाईंचं हृदय अडखळे. दोनदा त्या पानावरच कोसळल्या.

डॉ. इरा खोत यांनी आलेख दाखवला. "काकू, हे यकृत आठला झोपतं. तुम्ही त्याला साडेनऊला उठवता, ते भलत्या वेळी साखर सोडतं. तुमच्या हृदयाला दोन साहेब झालेत. असंच चाललं तर ते बंद पडेल."

"आठला? काहीतरीच! अकरापर्यंत बोलत बसायचे माझ्याशी."

"नेटानं बसत असतील. शरीर झोपलेलं असणार."

बाईंनी आलेख बाजूला सारला. मग म्हणाल्या, "उपाय?"

"एक इंजेक्शन. यकृत जुनी वेळ विसरेल, तुमची धरेल. नाहीतर तुम्ही त्यांची धरा. वर्षभरात हृदयही तिकडे वळेल."

"इंजेक्शन नको गं. दिवस असताना जेव, असं सासूबाईंनी जन्मभर सांगितलं ते ऐकलं नाही. आता ऐकते."

वर्षानं तपासणी झाली. हृदय ठणठणीत. डॉक्टर खूश.

"एक सांग," बाई म्हणाल्या, "ते गेल्यावरही साडेनऊला जेवताना मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. परवा मुद्दाम त्या वेळेला पानावर बसले. डोळाच उघडा राहीना. ती माझी भूक परत येईल?"

"नाही काकू. ती वेळ आता तुमच्या शरीरात कुठेच नाही."

"त्यांची वेळ राखली म्हणून मिरवत होते मी. पण ते जागायचे ते माझ्या वेळेला."

इरा काहीतरी समजुतीचं बोलत होती. बाईंचं लक्ष नव्हतं. साडेपाच झाले होते, आणि त्यांना कडकडून भूक लागली होती.