यूट्यूब नव्हे, कुंदन

"तुमचा हा ग्रीन टी पिऊन आजवर कोणी हसलंय का हो?"

तृप्तीनं एका दमात विचारलं आणि जीभ चावली. पैज मैत्रिणीची, पिंकीची होती. सेकंड इयरच्या पोरीनं दुकानात शिरून हा प्रश्न विचारायचा, तोही 'दादा' न म्हणता! पिंकी दारात ओढणीत तोंड खुपसून खिदळत होती. बाहेर नाशिकरोडची दुपार हॉर्नवर हॉर्न वाजवत होती, आणि त्या एवढ्याशा चहापत्तीच्या दुकानात मात्र वाळत घातलेल्या गवतासारखा वास…

काउंटरमागच्या मुलानं मान वर केली. "घरी कसा करता?"

"कसा म्हणजे? आलं ठेचून, झाकण ठेवून, मस्त तीन उकळ्या!"

तो खळखळून हसला. डाव्या गालावर खळी पडली. "पिऊन माहीत नाही, पण ऐकून हसलो बघा. अहो, ही पत्ती उकळायची नसते."

त्यानं पाणी उकळलं, गॅस बंद केला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"आता?"

"आता थांबायचं. बुडबुडे विरेपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच तर कोणाला जमत नाही."

मग चमचाभर पत्ती, वर झाकण नाही, मोजून दोन मिनिटं. कपात कोवळ्या द्राक्षाचा रंग उतरला. तृप्तीनं घोट घेतला… कडू नव्हता!

मग काय, कॉलेज सुटलं की रोज एक प्रश्न. मध कधी घालायचा? तीच पत्ती परत चालते का? पानं पाण्यात अशी हळूहळू का उलगडतात? तो कुंदन, हे दुसऱ्या दिवशी कळलं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते मात्र दोघांनाही कळलं नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये पप्पांनी कपाळाला हात लावला. "पाणी निवू दे म्हणे! तीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला पाणी शिकवतेस, तृप्ते?" पण कप रिकामा करून त्यांनी हळूच पुढे सरकवला. "अजून आहे का? शिकवलं कोणी गं?"

"यू… यूट्यूबनं."

दुसऱ्या दिवशी तिनं ही गंमत कुंदनला सांगितली. तो हसला नाही. कप पुसत राहिला.

"आज मी विचारू एक?"

"विचार ना."

"तुझ्या घरी मी यूट्यूबच राहणार का?"

पातेल्यातले बुडबुडे एकेक करून विरत होते. त्यानं पत्ती टाकली.

"कुंदन… मला ग्रीन टी अजूनही फारसा आवडत नाही."

"मग रोज येतेस कशाला?"

"इतकं समजावून सांगतोस, आणि एवढं कळत नाही?"

तो बघतच राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली… गाळायचं राहूनच गेलं. चहा कडूजहर झाला. दोघांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

संध्याकाळी आई मटार सोलत होती, पप्पा ओट्याला टेकून बघत होते. तृप्तीनं गॅस बंद केला. तिनं घाई केली नाही. शेवटचा बुडबुडा विरला, तशी ती वळली.

"आई, पप्पा… हे मला यूट्यूबनं नाही, कुंदननं शिकवलंय. मला तो आवडतो. रविवारी त्याला घरी बोलवायचं ठरवलंय मी. आणि चहा मीच करणार!"