पाट, नग चार

मी नकाशे काढणारा माणूस. नगरच्या छावणीत लष्करी बांधकामाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. बराकी, घोड्यांच्या पागा, पाण्याच्या टाक्या आणि एकदा एका मेजरसाहेबाच्या कुत्र्याचं घर, हे सगळं मी सारख्याच गांभीर्यानं कागदावर उतरवलं. अंगात येणं, कौल लावणं, शकुन पाहणं या गोष्टींची मला पहिल्यापासून चीड. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणी मला भाबडा समजू नये.

त्रेचाळीस साली आम्ही भिंगारला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी विजया आणि आई. धाकटा भाऊ शामकांत त्याआधी दोन वर्षं फौजेत कारकून म्हणून भरती होऊन मलायात गेला होता. सिंगापूर पडलं आणि त्याची पत्रं थांबली. मग एक छापील कागद आला. रिकाम्या जागी शाईनं त्याचं नाव भरलेलं आणि पुढे ‘बेपत्ता’ असा शेरा. आईनं तो कागद देवघरात बाळकृष्णाच्या मागे ठेवला. ‘गेला असं कुठं लिहिलंय यात?’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची.

रविवारी मला सुतारकामाचा नाद. लढाईमुळे सागवान डोळ्यांना दिसत नव्हतं, पण दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांची देवदारी फळी मिळे. हत्यारं माझी स्वतःची होती. एकच नियम मी पाळायचो, नकाशाशिवाय करवतीला हात लावायचा नाही. तुकड्यांची यादी आधी, मापं आधी, मग लाकूड. विजया म्हणे, ‘तुम्ही पोळी लाटायला बसलात तर तिचाही नकाशा काढाल.’

भिंगारच्या बाजारात कारभारी नावाचा जुन्या सामानाचा दुकानदार होता. एकदा त्यानं मला हाक मारून नकाशे गिरवायच्या निळसर ट्रेसिंग-कापडाची एक सुरळी पुढे केली.

‘घ्या सायेब, तुमच्या कामाचं हाय. आमाला काय कळतंय त्यातलं?’

‘कुणाचं आहे?’

‘ठावं न्हाई बगा. क्यांपातला यक बंगला रिकामा झाला, तवा पोत्यात हुतं.’

आत घरगुती सामानाचे तीन नकाशे होते. अक्षर मराठी, वळणदार, सवयीच्या हाताचं. नाव कुठं नव्हतं. साल मात्र तिन्हींवर घातलेलं, १९२९. रेषा इतक्या स्वच्छ होत्या की मला त्या माणसाचा थोडा हेवाच वाटला.

पहिला नकाशा भिंतीतल्या कोनाड्यात बसवायच्या फडताळाचा. त्यात मला एक चूक दिसली. मागची एक बाजू दुसरीपेक्षा पाऊण इंचानं आखूड धरलेली. मी ती सुधारली, काटकोनात फडताळ केलं आणि बसवायला गेलो, तर ते आत जाईना. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, तेव्हा कळलं की आमच्या कोनाड्याची एक बाजूच वाकडी होती, बरोबर पाऊण इंचानं. नकाशाप्रमाणे ती बाजू कापली, तसं फडताळ चपखल बसलं. ते घर बांधलेलं होतं अडतीस साली.

योगायोग, असं मी म्हटलं. गवंडी सगळीकडे एकाच मापानं चुकत असतील.

दुसरा नकाशा विळी बसवायच्या फळीचा. पातं नेहमीच्या उलट बाजूला काढलेलं. कापड उलटं ठेवून गिरवलं असेल, अशी मी समजूत करून घेतली. पण पहिल्या वेळी हात पोळले होते म्हणून या वेळी आहे तसं केलं. विजया त्या विळीवर बसली, तिनं भोपळा चिरला आणि वर पाहिलं. ती डावरी आहे. आठ वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदाच धड विळी मिळाली होती. ती खूश झाली. मी झालो नाही. रात्रभर मला त्या माणसाचं वळणदार अक्षर दिसत राहिलं.

तिसऱ्या नकाशावर लिहिलं होतं : ‘पाट, नग चार. मांडणी बाजूस.’

घरात आम्ही तिघं. स्वयंपाकघरात आम्ही तिघं एकदमच जेवायला बसायचो, आणि पाट होते दोनच जुने, त्यातला एक तडकलेला. मी तीनच करणार होतो. पण आईनं माझ्या खांद्यावरून नकाशा पाहिला. तिला आकडे वाचता येत. तिनं बोट ठेवलं.

‘चार आहेत ना?’

‘आई, हा कुणाचा तरी जुना कागद आहे.’

‘फडताळ बसलं. विळी बसली. आता हे का खोटं असेल? चार म्हणजे चार. शाम येणार.’

तिच्या डोळ्यांत दोन वर्षांत नव्हतं ते पाणी होतं. मी चार पाट केले. देवदाराला रंधा मारला, खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक तुकड्यावर शिसपेन्सिलीनं नंबर घालायची माझी सवय. तसे पाटांवर एक ते चार आकडे घातलेले होते. मी ते पुसायला लागलो तेव्हा आई म्हणाली, ‘राहू दे. कुणाचा कोणता ते कळेल.’ एक तिचा, दोन माझा, तीन विजयाचा. चार शामचा.

मांडणी मात्र जमली नाही. नकाशात खोलीचा चौकोन होता. डाव्या भिंतीशी तीन पाट आणि खालच्या भिंतीशी एकटा चौथा, बसणाऱ्याचं तोंड कागदाच्या वरच्या बाजूला. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, हे आमच्या कचेरीत इतकं अंगवळणी पडलेलं की विचारायची सोय नाही. त्या हिशेबानं तीन पाट पश्चिमेच्या भिंतीशी येत, तिथं आमची चूल. चौथा दक्षिणेला, परसदाराच्या वाटेतच. कापडाचा वरचा उजवा कोपरा आत दुमडून चिकटून बसला होता; उकलायला गेलो तर फाटेल म्हणून मी सोडून दिला. पहिल्यांदाच नकाशा आमच्या घरात बसला नव्हता. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

आई चौथा पाट रोज मांडायची. पान नाही, नुसता पाट. आमच्या तिघांच्या पाटांवरचे आकडे महिन्याभरात बसून बसून पुसले गेले. चार आकडा तसाच होता. त्यावर कोणी बसतच नव्हतं, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

लढाई संपली. बंदिछावण्यांतून सुटलेली माणसं नगर स्टेशनावर उतरू लागली. सेहेचाळीसच्या संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, शामकांत दारात उभा राहिला. खांद्याला पिशवी, अंगावर दुसऱ्याचा कोट. तार नाही, पत्र नाही. आई ओरडलीही नाही. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मी रडलो. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन मी नालेगावातून शाळेत न्यायचो, तेच एकसारखं आठवत होतं.

‘पाणी देते हं भावजी,’ विजया म्हणाली.

‘असू द्या वहिनी, मी घेतो,’ असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. आमचा माठ फडताळाखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. नवा माणूस तो दोनदा तरी शोधतो. शामनं शोधला नाही. हे घर त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

जेवायला बसलो. शामनं चौथा पाट उचलला, खोली ओलांडून उत्तरेच्या मोकळ्या भिंतीशी नेला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

विजयाच्या हातातला डाव थांबला. दक्षिणेकडे तोंड करून आपल्यात कोणी जेवत नाही. ती दिशा गेलेल्यांची. साध्या कपबशीचा विटाळ मानणारी माझी आई आता ओरडणार, म्हणून मी वाट पाहिली.

आईनं त्याच्यापुढे पान मांडलं.

‘शाम, इकडे ये की,’ मीच म्हणालो.

‘इथंच बरं आहे दादा. मला इथली सवय आहे.’

‘कसली सवय?’

तो हसला, आणि भात कालवू लागला.

‘तुम्हीही सरका त्या भिंतीला,’ आई आम्हाला म्हणाली. ‘चुलीची झळ लागते.’ तिनं आमचे तिघांचे पाट पूर्वेच्या भिंतीशी ओळीनं मांडले. कोणाच्या वाटेत कोणी येईना. वाढायला जागा मोकळी राहिली. मी वरणभात खात खोलीकडे पाहत होतो.

जेवण झाल्यावर मी सुरळी काढली. उकळत्या पाण्याच्या वाफेवर तो चिकटलेला कोपरा धरला. तो हळूहळू सुटला.

आत उत्तर दाखवणारा बाण होता. त्याचं टोक खाली होतं.

मी कापड फिरवलं. तीन पाट पूर्वेला. चौथा उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे. परसदार, चूल, सगळं मोकळं. कुठंही एक इंच इकडचा तिकडे नाही.

त्यानंतर मी शामला नीट पाहू लागलो. तो जेवायचा थोडं, पण जेवायचा. बोलायचा कमी. रोज भुईकोट किल्ल्यापर्यंत पायी जाऊन यायचा. ‘तुझे सुटकेचे कागद?’ असं मी दोनदा विचारलं. ‘मागून येतील,’ असं तो दोन्ही वेळा म्हणाला. आई मात्र दहा वर्षांनी तरुण झाली होती. सकाळी जात्यावर तिचा आवाज ऐकू यायचा. तिनं बाळकृष्णाच्या मागचा तो छापील कागद चुलीत घातला.

मार्चमध्ये एकदा मी पाट भिंतीला उभे करत होतो. चौथा हातात आला. पाहिलं तर शिसपेन्सिलीचा चार आकडा होता, कालच काढल्यासारखा काळाभोर. शाम दोन महिने दोन्ही वेळा त्यावर बसत होता.

मी कचेरीत बसून फौजेच्या दप्तराला पत्र लिहिलं. नाव, नंबर, पलटण. सदर इसमाची सद्यःस्थिती कळवावी. पाकीट बंद केलं, आणि टपालात टाकलं नाही. उत्तर काय येईल याची मला भीती होती. ते उत्तर घेऊन आईसमोर उभं राहायची त्याहून जास्त होती. पाकीट तीन आठवडे माझ्या कोटाच्या खिशात फिरलं.

मग एके दिवशी जेवताना माझी नजर गेली. शाम हात धुवायला उठला होता. पाटावरचा चार पुसट झाला होता. दुसऱ्या दिवशी आणखी पुसट. चौथ्या दिवशी नुसता डाग उरला, आणि फळीला आमच्या पाटांसारखी चकाकी चढू लागली.

मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. पेन्सिल कठीण असेल. लाकूड चिवट असेल. तोंडाची दिशा, माठ, बाण, सगळ्याला काही ना काही कारण असेलच, आणि मला ते सापडलं नाही म्हणून माझा सख्खा भाऊ खोटा ठरत नाही. मला स्वतःची लाज वाटली. कचेरीत गेल्या गेल्या मी ते पाकीट फाडून टोपलीत टाकलं. हाफ डे घेतला. बाजारातून पेढे घेतले आणि भर उन्हात जवळजवळ पळतच घरी आलो.

पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. शाम किल्ल्याकडे गेलेला, विजया शेजारी गोजरबाईंकडे. परसात काहीतरी खरखरत होतं.

आई धुण्याच्या दगडाशी बसली होती. चौथा पाट तिच्या मांडीवर आडवा. काथ्याचा बोळा ओल्या वाळूत बुडवून ती तो घासत होती, भांडं घासावं तसा, लयीत, कडेपासून मध्यापर्यंत. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

तिनं मला पाहिलं. हात थांबला नाही.

‘तुमचे तिघांचे आपसूक झिजतात,’ ती म्हणाली. ‘याचा मलाच घासावा लागतो.’

मी पेढ्यांचा पुडा दगडावर ठेवला.

‘विजयाला बोलू नकोस. शामला तर नाहीच. त्याला माहीत नाही रे.’

तिनं पाटावर तांब्याभर पाणी ओतलं, पदरानं पुसला आणि उन्हाकडे तिरपा धरून पाहिला. मग माझ्यापुढे केला.

‘घे, मांड. तो येईल आता जेवायला.’

मी पाट घेतला, आत नेला, आणि उत्तरेच्या भिंतीशी मांडला.