आकाशगंगेची कोरी बाजू

टाकेवाली तारांगणाच्या दारात पोचली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. काखेत दहा महिन्यांची लेक, दुसऱ्या हाताखाली कापडाचं गाठोडं आणि सुयादोऱ्यांच्या पिशवीचा बंद दातांत.

"मांजर पिल्लू तोंडात धरते, तू पिशवी धरलीस," दारावरचे काका हसत उठले. "आण इकडं. आणि आज सुट्टी आहे बरं का. आत चिटपाखरू नाही. निवांत बस."

निवांत बसायलाच तर ती आली होती. घरी कापड पसरायला जागा नव्हती. तिचा मोबाइल काकांच्या टेबलावर चार्जिंगला लागला, दोन जाड दारं एकामागून एक मिटली आणि गोल घुमटाखाली ती आणि लेक दोघीच उरल्या. खिडकी एकही नाही. गालिच्याला जुन्या धुळीचा आणि तापलेल्या वायरींचा वास.

काम मोठं झकास होतं. अंध मुलांच्या शाळेसाठी हातानं चाचपता येईल अशी आकाशगंगा करायची होती. काळं जाड कापड, मधे कापूस भरलेली लांबट उशी, आणि त्या उशीच्या टोकांपासून निघून गोल वळत गेलेले हात. तारांगणाच्या बाई त्यांना भुजा म्हणायच्या, टाकेवाली हातच म्हणायची. मुलांना बोटांनीच ओळख पटावी म्हणून प्रत्येक हाताला वेगळा टाका. एकाला जाड दोरी, एकाला साखळी, एकाला मणी, एकाला गाठी. दोन हात ठसठशीत, दोन जरा बारीक. मधल्या फटीत एक आखूड, चिमुकला हात, त्यावर काचेचा एकच मणी शिवलेला. तो सूर्य. आपण सगळे तिथं.

बाईंनी खडूनं सगळं आखून दिलं होतं. उशीपलीकडचा एक मोठा तुकडा मात्र त्यांनी मोकळाच सोडला.

"इथं काय घालू?" टाकेवालीनं विचारलं होतं.

"काही नाही. मधे धूळ आहे, ताऱ्यांची गर्दी आहे. त्या आडून पलीकडचं नीट दिसत नाही. अंदाज पुष्कळ आहेत, पण अंदाज मुलांच्या बोटाखाली द्यायचा नाही."

"मुलं म्हणतील, बाईनं काम अर्धं टाकलं."

"म्हणू देत. आम्हीही अर्ध्यावरच आहोत."

"आणि हे बाकीचे हात तरी कुणी बाहेरून पाहिले?"

बाई हसल्या. "बाहेर कोण गेलंय? आपण आतच. घराच्या एका खोलीत बसून अख्ख्या घराचा आकार सांगायचा. एकेक अंतर मोजत, मोजत."

मोजणं टाकेवालीला कळत होतं. ती तीस टाके घालायची, मग लेकीच्या नाकाशी बोट धरायची. गरम वारा बोटाला लागला की पुढचे तीस. हिच्याआधीची तिची पहिली मुलगी पाच आठवड्यांची होऊन गेली होती. अशीच एक दुपार, टाकेवाली मशीनवर बसलेली, पोर शेजारी झोपलेली. एका बाहीची शिलाई संपवून वाकून बघते, तर श्वास नाही. डॉक्टर म्हणाले, तुमची चूक नाही, होतं असं कधीकधी. सासूबाईही एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण तिच्या मनातनं ती बाही काही गेली नाही. पहिली असती तर आता पाच वर्षांची.

सुट्टीची ती दुपार मात्र छान चालली होती. गाठींचा हात सुईखालून भराभर वळत होता. लेक कापडावर रांगत होती, उशीवर थापट्या मारून स्वतःवरच खूश होत होती. टाकेवालीनं एक गोष्ट आधीच हेरून ठेवलेली होती. घुमटाच्या बरोबर मधे तारे दाखवणाऱ्या यंत्राचा खड्डा होता, पुरुषभर खोल. भोवती कठडा, पण त्याच्या गजांतून लहान मूल आरामात निसटेल. कापडाची कोरी बाजू नेमकी तिकडं. म्हणून ती स्वतः आडवी बसली होती. फक्त गाठी घालता घालता, हाताच्या वळणाबरोबर ती कधी सरकली, ते तिलाही कळलं नाही.

आणि वीज गेली.

दुपारचा दीड, पण असा काळोख की डोळे उघडे की मिटलेले ते हात लावून बघावं. यंत्राची घरघर थांबली. तेव्हा कळलं की इतका वेळ ती चालू होती.

"बाळा?"

काही नाही.

"काका! ओ काका!"

आवाज घुमटाला लागून तिच्याच अंगावर आला. दोन दारांपलीकडं काय जाणार? रोज हूं की चूं झालं की भोकाड पसरणारी पोर, आता गप्प. पोर कुठं होती शेवटी? उशीपाशी. उशीच्या पुढं कोरं कापड, त्यापुढं गालिचा, त्यापुढं...

ती उठून धावली नाही. काळोखात धावलं तर स्वतःच खड्ड्यात. तिनं सुई पदरात खोवली, गुडघ्यांवर आली आणि बोटांना गाठी सापडल्या. गाठी कुठं जातात ते तिला ठाऊक होतं, तिनंच घातलेल्या. एकेक गाठ धरत, वळत, वळत, ती उशीपर्यंत आली. उशीवर पोर नव्हती. कापूस एका ठिकाणी दबलेला, अजून कोमट.

तिनं पलीकडं हात टाकला. गुळगुळीत कापड लागणार होतं.

टाके लागले.

साखळीचे टाके. तिचे नव्हेत. मोठे मोठे, सैल, एक आखूड, एक लांब... कुणीतरी नुकतं शिकत असावं तसे. उशीपासून निघून ते सुरेख वळत गेले होते. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हात मागं घेतला तर पोर हरवते. ती त्या टाक्यांवरून पुढं गेली. आणि मग तिला ऐकू आलं.

"सात... आठ... नऊ..."

लहान मुलाचा आवाज. अगदी हळू, कुणी झोपलेलं जागं होऊ नये तसा.

"कोण आहे?"

"अठरा... एकोणीस... वीस..."

मोजणं घाईघाईचं होतं, धाप लागल्यासारखं. एकोणतीसला ते अडखळलं आणि पुन्हा एकपासून सुरू झालं. टाकेवालीच्या बोटांना एक इवली टाच लागली. मग पाय, मग पोट. पोर उताणी, गाढ झोपलेली. पोट वर, पोट खाली, संथ. तिनं तिला उराशी कवटाळलं आणि नीट ऐकण्यासाठी आपला श्वास रोखला.

आवाज थांबला.

गेली, असं तिला वाटलं. कोण, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

दार करकरलं, काकांची बॅटरी आली. "अगं, घाबरलीस का? जनरेटरलाही आजच रुसायचं होतं!" उजेड कापडावरून फिरला. कोरी बाजू कोरीच होती. तिनं बोट फिरवून पाहिलं, सुईचं एक भोकही नाही. आणि ती पोरीला घेऊन बसली होती तिथून कठडा जेमतेम वीतभर.

"काका, आत दुसरं कुणाचं मूल आलं होतं?"

"सुट्टीच्या दिवशी? तुझं एक आहे ते पुरे आहे की!"

त्या दिवसापासून तिचं नाकाशी बोट धरणं सुटलं. नवरा म्हणाला, "काय गं, चौकीदार कामावरून कमी केलास?" ती नुसती हसली. आपल्यासोबत आणखी कुणी मोजतंय, पोरीचा श्वास कुणीतरी राखतंय, याचं तिला इतकं बरं वाटायचं की पाच वर्षांनी ती पहिल्यांदा सलग झोपली. खाल्लेलं अंगी लागू लागलं. उरलेले टाके तिनं गाणं गुणगुणत घातले.

शाळेची मुलं आली त्या दुपारी बाईंनी तिलाही बोलावलं. लेक मांडीवर झोपली होती. मुलं कापडाभोवती बसली. हाऽऽऽ दोरीचा, हाऽऽऽ मण्यांचा, असा एकच गलका. सूर्याचा मणी सापडला तेव्हा एकजण ओरडला, "एवढाच? मला वाटलं, आपण मधे असू!"

मग दोन वेण्यांची एक मुलगी गाठींवरून उशीपाशी आली, उशी ओलांडून गेली आणि थांबलीच नाही. कोऱ्या कापडावर तिचं बोट सावकाश वळत निघालं, जसं टाक्यांवरून निघावं तसं. बाई दुसऱ्या मुलांत गुंतल्या होत्या. टाकेवाली बघत राहिली. ते बोट फिरत फिरत तिच्या पायाशी आलं.

"मावशी," मुलगी मान कलती करून म्हणाली, "इथं कुणीतरी मोजतंय. छोटीशी आहे. नीट येत नाही तिला."

टाकेवालीचे डोळे भरले, श्वास भरभर चालू लागला. "माहीत आहे बाळा. माझ्या लेकीचा श्वास मोजते ती."

मुलगी जरा वेळ ऐकत राहिली. मांडीवरचं बाळ संथ झोपलेलं.

"नाही," ती म्हणाली. "बाळ तर हळू घेतंय. ती भरभर मोजतेय."

"मग... कुणाचा?"

टाकेवालीनं नकळत श्वास रोखला.

"बघा," मुलगी कुजबुजली, "थांबली ती."

घुमटाखाली मुलांचा कलकलाट चालूच होता. टाकेवाली मांडीवरच्या लेकीकडं बघत बसली. छाती दुखायला लागली, तेव्हा कुठं तिनं श्वास हळूच सोडला.

"हं," मुलगी हसली. "एक."