हाकेचा कायदा

राजाच्या सभेहून परतलेल्या कारभारी टाटविननं वेशीबाहेरच्या ओकाच्या झाडाखाली गाव गोळा केलं आणि नवा कायदा खड्या आवाजात म्हणून दाखवला. वाट सोडून रानातून येणाऱ्या परक्यानं हाक दिली नाही, शिंग फुंकलं नाही, तर तो चोर समजावा. त्याला मारलं तरी मारणाऱ्यावर दोष नाही.

"आणि हाक दिली तर?" डुकरं राखणाऱ्या एबानं विचारलं.

"तर तो भला माणूस. त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही."

एबानं मागं वळून आंद्रेडच्या रानाकडे पाहिलं. "मग हे घरात बसून सांगायचं होतंस रे बाबा. इथं कशाला एवढ्या मोठ्यानं? रानालाही ऐकू गेलं की."

लोक हसले. टाटविनही हसला. त्याच्या आजोबांच्या आधी त्यांच्या केंट राज्यात एका तुटलेल्या दातापायी घरंच्या घरं कापली जात. मग त्या वेळच्या राजानं दाताची, कानाची, जिवाची भरपाई ठरवून दिली आणि माणसं सभेत बसून भांडायला शिकली. चार नेमके शब्द माणसाला आवरतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ओकाची फळं गळू लागली, डुकरं रानात गेली, धुकं उतरलं. त्याच सुमारास पहिली हाक ऐकू आली.

"ओऽऽ! मी येतोय!"

आवाज रानातल्या दलदलीकडून आला. तिकडे वाटच नव्हती. लोक कुंपणाशी थांबले. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच हाक, जरा जवळून. कुत्री गाड्याखाली शिरली. मग शिंग वाजायला लागलं. फुंकणारा दम घेण्यापुरता तरी थांबतो. हे थांबतच नव्हतं.

पुरुषांनी भाले काढले.

"हाक दिलीय त्यानं," टाटविन म्हणाला. "कुणी हात उचलायचा नाही."

"दादा, दलदलीतून चालतंय तरी कोण?" धाकटा भाऊ हुनफ्रिथ म्हणाला.

"चुकला असेल कुणी म्हातारा."

"मग आणतोच त्याला." हुनफ्रिथनं शिंग गळ्यात अडकवलं.

"तिकडेच जेवायला बसू नका!" त्याची बायको लेओबा फाटकातून ओरडली. तो हात हलवत धुक्यात शिरला.

थोड्या वेळानं त्याचं शिंग वाजलं. ओळखीचं, मध्येच फाटणारं. त्याला दुसऱ्या शिंगानं उत्तर दिलं. पुन्हा वाजलं, पुन्हा उत्तर आलं. पुढं पुढं दोन्हींतला फरकच कळेना. मग दोन्ही एकदम बंद झाली.

दुपार कलली. झाडांमधून एक आकृती सरळ गावाकडे येऊ लागली. वाट सोडून.

"कोण आहे? हाक दे!" टाटविन ओरडला.

उत्तर नाही. आकृतीचा वेग वाढला. तिनं तोंडाशी काहीतरी धरलं होतं.

"हाक दे म्हणतो ना!"

डाव्या हाताच्या झाडीतून हुनफ्रिथचा आवाज आला. "दादा, मी इकडे आहे."

टाटविनच्या छातीवरचं ओझं उतरलं. भाऊ सुखरूप होता. समोरून पळत येणारं मात्र अजून मुकंच होतं.

त्यानं भाला फेकला.

पडतानाही आवाज झाला नाही.

टाटविन जवळ गेला. गुडघ्यावर बसला. पडलेल्याचं तोंड वर करून पाहिलं.

हुनफ्रिथ होता.

शिंग अजून दातांत रुतलेलं होतं. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं होतं. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. किती वेळ फुंकत होता, देव जाणे.

टाटविनला ओरडायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, छाती फुटेतो ओरडला. स्वतःचाच आवाज त्याला ऐकू आला नाही.

"दादा, झालं का?" डावीकडून हाक आली, अगदी कुंपणाजवळून. "मी येतोय."

आवाज ओळखून कुंपणाशी उभ्या भालेवाल्यांनी भाले खाली केले आणि बाजूला सरून जागा दिली.

"आले वाटतं," लेओबा म्हणाली. डोक्यावरचं फडकं सारखं करून तिनं फाटकाचा अडसर काढला.