त्याच्या बोलण्यातल्या जागा

चुकीचं दार उघडून तो तिच्या खोलीत आला. बोलक्या पुस्तकांच्या त्या स्टुडिओत तो नवा निवेदक होता आणि ती ध्वनिसंपादिका. हेडफोन लावून ती कुणाच्या तरी वाचनातले श्वास कापत बसली होती.

"हे काय चाललंय?"

"श्वास काढतेय. ऐकणाऱ्याला वाटायला हवं, वाचणारा हवेवाचून जगतो."

"माझे जरा जपून काढा हं. मला लागतात ते."

ती हसली, आणि मग दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

पुढे काचेपलीकडे तो वाचायचा, अलीकडे ती ऐकायची. परिच्छेद संपला की तो नजर वर करायचा, आणि नेमकी तेव्हाच तिला यंत्राची बटणं आठवायची.

फ्लूची साथ आली आणि त्यानेही अंथरूण धरलं. तरी त्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा. एकदा म्हणाला, "ताप उतरला. उद्या येतोच, खुर्ची पुसून ठेवा." पण तो आला नाही. संध्याकाळी आवाज आला तो अडखळत —

"तुमच्याशी... बोलायचं होतं... जरा..."

"बोला की! काचेआड तर सुसाट सुटता."

"सांगेन... भेटल्यावर..."

इतका सराईत माणूस आपल्याशी बोलताना मात्र चाचरतो! ती मोहरून गेली. फोन ठेवल्यावरही त्या रिकाम्या जागा ती मनाशी घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा ध्वनिसंदेश आला. सवयीने तिने तो हेडफोनवर लावला. "आजही... यायला जमणार... नाही. साहेबांना... सांगा."

तिने तो पुन्हा लावला. साहेबांकडे रजा मागताना कोण लाजतं? तरी जागा त्याच होत्या. त्या प्रत्येक जागेत हवा ओढल्याचा घरघरता आवाज होता, आणि शेवटी एक बारीकसं कण्हणं.

तिने फोन लावला. तो त्याच्या थोरल्या बहिणीने उचलला.

"झोपलाय गं. फ्लूच तर आहे! मध्ये उतरला होता ताप, काल पुन्हा चढला. खोकलाही वाढलाय. पडून राहिला की होईल बरा."

"ताई, एका दमात पुरतं वाक्य बोलता येतंय का त्यांना? छातीत दुखतंय म्हणाले का?"

"श्वास घेताना दुखतं म्हणाला खरा..."

"त्यांचे ओठ बघा. आत्ता, माझ्यासाठी."

पावलं वाजली. मग दिव्याचं बटण खटकलं.

"अगं, निळसर दिसतायत... आणि मला आई म्हणतोय हा!"

"उशा लावून बसतं करा. अँब्युलन्स बोलवा, थांबू नका. कुठलं इस्पितळ ते कळवा, मी थेट तिथे येते."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "फ्लूवर न्यूमोनिया झालाय. उतरलेला ताप पुन्हा चढला आणि धाप लागायला लागली, तेव्हाच आणायला हवं होतं. आता घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल. वाचतील का, ते आज सांगता येणार नाही."

काल ती त्या धापेवरच भाळली होती. हे कुणाला सांगणार?

गुंगीचं औषध देण्याआधी तिला आत सोडलं. ऑक्सिजनच्या मुखवट्यामागे त्याचे ओठ हलले.

"मला... तुम्ही..."

"गप्प बैस. आज बोलायचं काम माझं." तिने त्याचा तापलेला हात धरला. "तू मला आवडतोस. उत्तराची घाई नाही. जागा झालास की दे."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. तिच्या हातावरची त्याची पकड एकदा घट्ट झाली, मग हळूहळू सैलावली. नर्सने पडदा ओढला.

बाहेरच्या बाकावर ताई सुन्न बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिला जागा दिली.

"मला कधी बोलला नाही हा. कधीपासून चाललंय तुमचं?"

तिने बंद दाराकडे पाहिलं.

"आत्तापासून, ताई."

ताईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. दोघी दाराकडे बघत बसून राहिल्या.