फोटोत दिसलेले दात

दार ढकलून ती आत आली, तेव्हा पलंगाखालून दोन पाय बाहेर आले होते.

पायांत मोजे होते – एक निळा, एक राखाडी. हातातली बॅग खाली ठेवायचंही तिला सुचेना. एकोणीस तासांचा प्रवास करून ती या परक्या शहरात पोचली होती, आणि खाली काकूंनी आत्ताच तर सांगितलं होतं, "वर डाव्या हाताची खोली. वर्षभर तुझीच."

"अहो... ही माझी खोली आहे," ती पायांना म्हणाली.

"चुकताय तुम्ही," पलंगाखालून उत्तर आलं. "तुमची व्हायची आहे. अजून तरी माझीच."

मग धूळ झटकत एक तरुण बाहेर सरपटला. हातात बूट, केसांत जळमट, आणि तोंडभर हसू. तिची नजर आधी त्याच्या दातांवर गेली. त्यात तिचा काही दोष नाही हो! ती दात बनवायचंच शिकत होती. समोरच्याने तोंड उघडलं की ती दात आधी पाहायची, माणूस मागाहून.

"तुम्ही तर एव्हाना आमच्या घरी असायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो ना. तुमच्याच खोलीत."

आता हा घोळ नीट सांगायला हवा. त्या शहरात येऊन राहिलेल्या आपल्या लोकांचं एक सांस्कृतिक मंडळ होतं. दर वर्षी मंडळ शिष्यवृत्ती द्यायचं – एक विद्यार्थी मायदेशातून इकडे यायचा, इथला एक तिकडे जायचा. आणि पद्धत अशी, की खोलीला खोली. येणाऱ्याने जाणाऱ्याच्या खोलीत राहायचं आणि जाणाऱ्याने येणाऱ्याच्या. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही. बावीस वर्षांत कधी पडलीही नव्हती. पण या पठ्ठ्याचे प्रवासाचे कागद परत आले. का, तर फोटोत दात दिसत होते!

"फोटो काढताना कोणी हसतं का?" तिने विचारलं.

"फोटोवाल्याचा कुत्रा शिंकला. मी काय करू?"

तो जनावरांचा डॉक्टर होत होता, त्यामुळे कुत्रा शिंकल्यावर त्याला राहवलं नसणार. नवे कागद यायला सहा आठवडे लागणार होते. तोवर त्याने खालच्या बैठकीत काकूंच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी गादी टाकली.

काकू म्हणजे त्याची आई. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायच्या. दिवसभर ओठांत टाचण्या धरायची सवय, म्हणून बोलणं कमी. ती मात्र दिवसभर बोलायची, आणि भांडायचीही. राग नाकाच्या शेंड्यावर. तीनशे अर्जांतून ती पहिली आली होती. मायदेशी चार वर्षं एका दवाखान्यात तिने प्लास्टरची भांडी धुतली होती, दुसऱ्यांनी बनवलेल्या कवळ्या पुसून डबीत भरल्या होत्या. हे एक वर्ष पुरं झालं की ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पाटीखाली दात बनवणार होती. नाही झालं, तर पुन्हा तीच मोरी आणि तीच भांडी.

"घोड्याचे दात बघून मी त्याचं वय सांगतो," एकदा चहा पिता पिता तो म्हणाला.

"माझं सांगा बरं."

"तोंड उघडा."

"काहीतरीच!"

"तेवीस," तो म्हणाला. "दात कशाला बघायचे? तुमचा अर्ज मंडळाच्या फलकावर लावला होता. मी दोनदा वाचला."

"दोनदा कशाला?"

"तिसऱ्यांदा वाचायला गेलो तर कोणीतरी काढून नेला होता."

ती हसली... आणि हसताना तिने तोंडावर हात धरला नाही. एरवी ती धरायची. तिचा स्वतःचा समोरचा एक दात जरासा वाकडा होता. दात बनवणारीचा!

'तुम्ही' कधी गळालं आणि 'तू' कधी आलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बहुधा समोरच्या आजींच्या कवळीपायी. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या या आजी मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद. त्यांची कवळी इतकी सैल की भाषणात टाळ्या वाजवताना त्या ती रुमालात बांधून ठेवत. तिने परीक्षेसाठी आजींचीच कवळी बनवायला घेतली. तो आजींना धरून धरून तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणायचा, आणि ती मेणाच्या साच्यावर एकेक दात बसवताना दाराशी टेकून बघत राहायचा.

"तुझ्या घोड्यांना भूक लागली असेल. जा ना," ती मान वर न करता म्हणायची.

"घोडे समजूतदार असतात. थांबतील." जरा वेळाने तो म्हणायचा, "तुझ्या गालाला प्लास्टर लागलंय." सांगायचा, पण पुसायचा नाही. हात अर्ध्यावर येऊन... परत खिशात जायचा. तिला त्या खिशाचा भारी राग यायचा.

सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी दोघं बसथांब्यावर उभे होते. भुरभुर पाऊस, पत्र्याच्या छपरावर बारीक आवाज. तिच्या पिशवीत दातांच्या रंगछटांची पट्टी होती – ओळीने सोळा खोटे दात, प्रत्येकाची छटा निराळी. "हस," ती म्हणाली. "तुझी छटा कोणती ते बघायचंय." त्याची हनुवटी दोन बोटांत धरून तिने पट्टी त्याच्या ओठांशी नेली. एक छटा लावली, दुसरी लावली...

"सापडली?" त्याने हळूच विचारलं.

"हलू नकोस."

"हलत नाहीये. तूच हलतेयस."

खरंच. पट्टी केव्हाच त्याच्या ओठांवरून हनुवटीकडे घसरली होती. बस आली, थांबली, निघून गेली. आणि बस गेल्यावर रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभे असलेले दिसले मंडळाचे चिटणीस. सगळं मंडळ त्यांना पाठीमागे नियमकाका म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. मंडळाची घटना, म्हणजे सगळी नियमावली, त्यांनी स्वतः टाइप करून काढली होती, आणि तिच्यावर त्यांचा लेकरासारखा जीव होता.

दुसऱ्याच दिवशी ते कागद घेऊन प्रयोगशाळेत हजर.

"नियम अकरा," ते म्हणाले. "शिष्यवृत्तीवर आलेल्या विद्यार्थ्याचं यजमान घराशी कसलंही नातं असता कामा नये. पूर्वी एकाने आपल्या भाचीलाच आणून घरी ठेवलं होतं, म्हणून केलाय. उद्या लोक म्हणतील, मंडळाच्या जिवावर यजमानांनी घरात सून आणली. तेव्हा, मुली, इथे सही कर. 'आमच्यात काहीही नाही.' विषय संपला."

"आणि नाही केली तर?"

"तर शिष्यवृत्ती बंद. परतीचं तिकीट." त्यांनी चष्मा पुसला. "त्याने सकाळीच केलीय सही. शहाणा मुलगा आहे."

ती तशीच ॲप्रनवर निघाली. घोड्यांच्या तबेल्यात तो एका घोडीचा खूर मांडीवर घेऊन बसला होता.

"तू सही केलीस?"

"तुझ्यासाठी केली." त्याने खूर खाली ठेवला. "तुझं सगळं वर्ष जाईल गं. मी काय, मंगळवारी चाललोच आहे. नुसता कागद आहे तो."

"काय लिहिलंय त्या नुसत्या कागदावर?"

"...आमच्यात काही नाही म्हणून."

"आणि काय आहे आपल्यात?" तो घोडीची आयाळ सारखी करू लागला. "बोल ना! आता का दातखिळी बसली?"

"प्रेम आहे," तो म्हणाला. "माझ्याकडून तरी आहे. पलंगाखालून बाहेर आलो आणि तू माझ्याकडे न बघता माझ्या दातांकडे बघत होतीस... तेव्हापासून."

किती दिवस ती हे ऐकायला आसुसली होती! आणि आता ऐकलं तर असलं रडू कोसळलं, असला संताप आला, की घोडीसुद्धा दोन पावलं मागे सरली.

"हे मला आत्ता सांगतोस? नाही म्हणून सही ठोकून आल्यावर? माझंही आहे, ऐकलंस? माझंही प्रेम आहे तुझ्यावर. आणि मी नाही सही करणार. भांडी धुवायला परत जाईन, पण हे खोटं आहे असं लिहून देणार नाही!"

रविवारी मंडळाचा वार्षिक समारंभ होता. वाचनालयाचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, दीडशे माणसं. शिष्यवृत्तीवर आलेल्याने आभाराचं भाषण करायचं, आणि भाषण ठरलेलं. बावीस वर्षांपूर्वी नियमकाकांनी लिहिलेलं, प्लास्टिकच्या आवरणात घातलेलं, आणि आवरणाच्या आत कुणाच्या तरी चहाचा डाग. सही न करणाऱ्या मुलीला बोलू द्यावं की नाही यावर त्यांनी खूप विचार केला म्हणे. पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

ती उभी राहिली. "'मंडळाच्या अनंत उपकारांच्या ओझ्याखाली मी आजन्म...'" एवढं वाचलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

"हे मला वाचता येणार नाही. आभार मी मानते, अगदी मनापासून. उपकार मानत नाही. तीनशे अर्जांत मी पहिली आले. तुम्ही मला खोली दिलीत, मी तुमच्यातल्या एकीला दात दिले. आजी, जरा हसा बघू."

आजी पहिल्या रांगेतून ऐसपैस हसल्या. सभागृहात हशा पिकला.

"आणि आणखी एक. मला लिहून द्यायला सांगितलंय, की मी राहते त्या घरच्या मुलात आणि माझ्यात काही नाही. आहे. माझी निवड झाली तेव्हा मी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. नियम मोडायला मी आले नाही, पण प्रेमात पडले आणि ते मी लपवणार नाही. तिकीट काढायचं तर काढा."

हशा विरला. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. तो उठला होता, कानापर्यंत लाल.

"चिटणीसकाका, माझा कागद परत द्या," तो म्हणाला. "मी खोटी सही केलीय. घाबरून केली. ती म्हणते तेच खरं आहे."

एकदम गलका झाला. कोणी म्हणे शाबास, कोणी म्हणे हा काय तमाशा. नियमकाका घटनेची पानं उलटू लागले. आणि मग काकू उठल्या. आज त्यांच्या ओठांत टाचण्या नव्हत्या.

"आजपासून ही मुलगी माझ्या घरात राहणार नाही," काकू म्हणाल्या.

सगळ्यांशी झगडायची तयारी तिने केली होती, फक्त काकूंशी नव्हती. सहा आठवडे त्यांच्या हातचं ती जेवली होती.

"तिचं सामान मी सकाळीच बांधलंय," काकू पुढे म्हणाल्या, "आणि समोर आजींकडे नेऊन ठेवलंय. आजपासून तिच्या यजमान आजी. माझ्या घराशी तिचं काय नातं व्हायचं ते होऊ दे. चिटणीससाहेब, आता वाचा तुमचा नियम अकरा. मोठ्याने वाचा."

नियमकाकांनी वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग चष्मा काढला.

"बसतंय," ते पुटपुटले. "नियमात बसतंय."

आजींनी कवळी रुमालात न बांधता टाळ्या वाजवल्या. कवळी जागची हलली नाही.

मंगळवारी सकाळी त्याच बसथांब्यावर ती त्याला पोचवायला आली. त्याच्या दोन्ही पायांत सारखे मोजे होते. ती अजूनही जराशी फुगलेलीच.

"आता वर्षभर मी तुझ्या खोलीत," तो म्हणाला. "तुझ्या आईला काय सांगू?"

"खरं सांग. या वेळी पहिल्याच दिवशी."

त्याचा हात खिशातून निघाला, अर्ध्यावर आला... आणि या वेळी परत गेला नाही. तिच्या गालावर प्लास्टर नव्हतं, तरी त्याने पुसलं. मग त्याने तिच्या तळहातावर एक लहानसा फोटो ठेवला. परत आलेला. दात दिसणारा.

बस गेल्यावर ती रडली, भरपूर रडली. मग डोळे पुसून काकूंच्या दुकानात गेली, चार टाचण्या मागून घेतल्या आणि थेट मंडळाच्या कार्यालयात शिरली. फलकावर त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत त्याचा नवा फोटो होता, तोंड मिटलेला, एरंडेल प्यायल्यासारखा. तिने तो काढला आणि त्या जागी दुसरा लावला.

नियमकाका टेबलामागून चष्म्यावरून बघत होते.

"दात दिसतायत," ते म्हणाले. "हा फोटो नियमात बसत नाही."

"माहितीय," ती म्हणाली, आणि चौथी टाचणीही लावली.